‘नंदुरबारच का?’ या प्रश्नाला काय उत्तर देऊ?

शहादा तालुक्यातल्या एका संशोधक मुलीचं पत्र आलं आहे. नाव छापू नका, असं तिने लिहिलंय. पत्र थोडं कमी करून देतो.

«सर, मी राज्यशास्त्रात पीएच.डी. करते, दुसरं वर्ष संपत आलंय. घरची बोली पावरी, शाळा आश्रमशाळेत. एम.ए. झालं, सेट झाले, सध्या एका कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवते. विषय आहे महाराष्ट्र, मध्य प्रदेश आणि गुजरातमधल्या आदिवासी मतदारांच्या राजकीय वर्तनाचा तुलनात्मक अभ्यास. प्रश्नावली पासष्ट प्रश्नांची, सहाशे लोकांना भेटायचं ठरवलं होतं. जानेवारीत धडगावकडे ऐंशी फॉर्म भरले. घरोघरी म्हातारी माणसंच भेटली. सरकारवर विश्वास आहे का, लोकशाही चांगली वाटते का, काहीही विचारलं तरी ‘हो’. हे घेऊन मोठ्या शहरातल्या एका कार्यशाळेत गेले. तिथे एकाने विचारलं, यात सिद्धांत काय, आणि नंदुरबारच का? मला उत्तर देता आलं नाही. तेव्हापासून फॉर्मचा गठ्ठा उघडलेला नाही. गाइड म्हणतात, आहे ते आवर आणि थिसिस दे. भाऊ म्हणतो, एमपीएससी कर. बरोबरचे दोघं, एक जळगावचा आणि एक साक्रीची, असेच अडकलेत. विषय बदलू का? पुण्याला किंवा दिल्लीला जायला हवं होतं का? आमच्या डोंगरातले लोक मत कसं देतात, यात जिल्ह्याबाहेर कुणाला रस तरी आहे का?»

पत्रात तू मला ‘सर’ म्हणालीस, तेव्हा वर्गातल्या मुलीशी बोलतो तसंच बोलतो. विषय बदलू नकोस, कापून लहान कर. गुजरात काढ, सहाशेचा आकडा काढ, पासष्टातले निम्म्याहून जास्त प्रश्न काढ. उरेल त्याला जिल्ह्याबाहेर वाचक आहेत, देशाबाहेरही आहेत. ते का, हे आधी सांगतो, कारण पत्रात मला फॉर्मपेक्षा त्या एका प्रश्नाचीच सल जास्त दिसली.

‘नंदुरबारच का’ हा प्रश्न तुला टोचला, तरी तो विचारण्यासारखाच आहे. मतदारांच्या वर्तनाचा आजचा अभ्यास ज्या सर्वेक्षणांपासून सुरू झाला, त्यातलं एक १९४० साली अमेरिकेत ओहायो राज्यातल्या एरी नावाच्या एका काउंटीत झालं. पॉल लाझार्सफेल्ड आणि त्यांचे सहकारी निवडणूक होईपर्यंत त्याच त्याच लोकांना पुन्हा पुन्हा भेटत राहिले. प्रचारापेक्षा घरची, शेजारची, सोबतची माणसं मत ठरवण्यात जास्त भारी पडतात, हे त्यातून निघालेलं सूत्र तू एम.ए.ला शिकली आहेस. एरी काही जगाचा मध्य नव्हता. पण एरीच का, याचं उत्तर त्यांच्याकडे तयार होतं: सांभाळता येईल एवढा लहान भाग, आणि अनेक निवडणुकांत देशाच्या कलाबरोबर चाललेला. तुझ्याकडे याहून चांगलं उत्तर आहे. ते कुणी तुला नीट मांडून दाखवलेलं नाही, एवढंच.

१३ मे २०२४ या दिवशी नंदुरबार लोकसभा मतदारसंघात मतदान झालं. त्याच दिवशी सीमेपलीकडे मध्य प्रदेशात खरगोन मतदारसंघातही झालं. दोन्ही अनुसूचित जमातींसाठी राखीव, दोन्ही एकमेकांना लागून. नंदुरबारमधून काँग्रेसचे गोवाल पाडवी निवडून आले, खरगोनमधून भाजपचे गजेंद्र पटेल. आणखी बघ. नंदुरबार जिल्ह्यातल्या विधानसभेच्या चारही जागा राखीव आहेत, अक्कलकुवा, शहादा, नंदुरबार आणि नवापूर. पलीकडच्या बडवानी जिल्ह्यातल्याही चारही राखीव, सेंधवा, राजपूर, पानसेमल आणि बडवानी. मधली सीमा मध्य प्रदेशातल्या खेतिया गावाजवळ तर माणसं बाजाराला जाताना रोज ओलांडतात. सीमेच्या अलीकडे ज्यांना पावरा म्हणतात त्यांनाच पलीकडे बारेला म्हणतात. सोयरीक दोन्ही बाजूंना, बोली एक, होळी एक, होळीआधीचा भोंगऱ्या बाजार एक. बदलतं काय, तर राज्य.

आता तुझ्यासारखाच प्रश्न आफ्रिकेत कुणी कसा सोडवला ते सांगतो. मलावी आणि झांबिया या दोन देशांमधली सीमा वसाहतकाळात आखली गेली आणि तिने चेवा आणि तुंबुका या दोन्ही जमाती चिरल्या. डॅनियल पोझ्नर नावाच्या अभ्यासकाने सीमेलगतची चारच गावं घेतली, प्रत्येक जमातीचं एक गाव अलीकडचं आणि एक पलीकडचं. त्याला दिसलं की मलावीत हे दोन समाज एकमेकांचे राजकीय विरोधक आहेत, सोयरिकीलाही नाखूश, आणि झांबियात तेच दोन समाज एका बाजूला उभे असतात. संस्कृतीत दोन्हीकडे तेवढाच फरक. मग हे का? मलावीत दोन्ही समाज देशाच्या मानाने एवढे मोठे आहेत की त्यांच्या जोरावर पक्ष उभा राहू शकतो. झांबियात ते एवढे लहान की एकेकट्याने राजकारण जमत नाही, म्हणून जोडून घ्यावं लागतं. २००४ साली हा लेख आला आणि तुलनात्मक राजकारणाच्या वर्गांत आजही शिकवला जातो. चार गावांवर!

हाच धागा आपल्याकडे लावून बघ. २०११च्या जनगणनेत मध्य प्रदेशाच्या लोकसंख्येत अनुसूचित जमाती २१.१ टक्के आहेत, महाराष्ट्रात ९.४ टक्के. विधानसभेत त्यांच्यासाठी राखीव जागा मध्य प्रदेशात २३० पैकी ४७, आपल्याकडे २८८ पैकी २५. म्हणजे खेतियाच्या पलीकडचा बारेला मतदार अशा राज्यात मत देतो जिथे आदिवासी आमदार सरकार बनवू किंवा पाडू शकतात. अलीकडचा पावरा मतदार अशा राज्यात, जिथे पंचवीस जणांना दुसऱ्यांच्या मागे उभं राहावं लागतं. यामुळे माणसाच्या मनातलं ‘आपण कोण’ हे बदलतं का? राखीव मतदारसंघात सगळेच उमेदवार आदिवासी, तेव्हा ‘आपला माणूस’ ओळखायचा कसा? तो पावरा आहे, भिल आहे, भिलाला आहे म्हणून? गावचा, कुळातला म्हणून? की पक्षाचा म्हणून? आणि हे ओळखणं सीमेच्या दोन्ही बाजूंना सारखंच होतं का? कार्यशाळेत तुला सिद्धांत विचारला ना? हा सिद्धांत आहे. पुन्हा कुणी ‘नंदुरबारच का’ म्हटलं की सांग, कारण इथे एकच समाज दोन राज्यांत राहतो आणि त्यातल्या एका राज्यात आदिवासी एक पंचमांश आहेत, दुसऱ्यात एक दशांशाहून कमी.

गुजरात काढायला सांगितलं, त्याचं वाईट वाटून घेऊ नकोस. तीन राज्यं घेतलीस की प्रत्येक फरकाला दहा कारणं चिकटतात. शिवाय तिकडे तुझी पावरी चालणार नाही, मावची, वसावी आणि कोकणा आदिवासींची कोकणी या बोली लागतील. पण विषय म्हणून ती सीमा फार मोलाची आहे. १ मे १९६० रोजी दोन राज्यं झाली तेव्हा पश्चिम खान्देशातली काही गावं गुजरातेत गेली, आजचा उच्छल-निझरचा भाग त्यातलाच. नवापूरचं रेल्वे स्टेशन तर अर्धं इकडे, अर्धं तिकडे. एका जिल्ह्यातली गावं एका दिवसात दोन राज्यांत गेली आणि त्यानंतर सहा दशकांहून जास्त काळ दोन वेगळ्या राज्यकारभारांखाली राहिली. सरदार सरोवरात अक्राणी-अक्कलकुव्याची ३३ गावं बाधित झाली, त्यातली काही कुटुंबं गुजरातेत वसवली गेली, काही तळोदा-शहाद्याकडच्या वसाहतींत. चुलतभाऊ आज वेगवेगळ्या राज्यांच्या मतदार याद्यांत आहेत. हा विषय तुझ्या साक्रीच्या मैत्रिणीसमोर ठेव, साक्रीहून नवापूर जवळ आहे.

जळगावच्या मित्राला सुरत सुचव. लिंबायत आणि उधना या भागांत खान्देशातून गेलेली एवढी कुटुंबं आहेत की तिथल्या राजकारणात आपली माणसं पुढे आली. नवसारीचे खासदार सी. आर. पाटील मूळचे जळगाव जिल्ह्यातले, आणि लिंबायत-उधना हे विधानसभा मतदारसंघ त्यांच्याच लोकसभा क्षेत्रात येतात. एक भाऊ अमळनेर किंवा पारोळ्याच्या गावी शेती करतो, दुसरा उधन्याच्या कारखान्यात. २०२४ला गुजरातेत मतदान ७ मेला झालं आणि जळगावात १३ मेला. सुरतेच्या भावाने नाव कुठल्या यादीत ठेवलंय, तो गावच्या पंचायतीला मत द्यायला येतो का, दोघांच्या मतात काय फरक पडला? अशा जोडीने शंभर भाऊ जरी भेटले तरी थिसिस उभा राहील.

तुझ्याकडे परत येतो. या रचनेत दोन भोकं आहेत, ती परीक्षकाआधी तूच दाखव. पहिलं इतिहासाचं. नवापूरची सीमा १९६०ची, पण खेतियाची त्याहून जुनी आहे. पलीकडे बडवानी संस्थान होतं, अलीकडे इंग्रजांचा खान्देश जिल्हा. म्हणजे जो फरक दिसेल तो आजच्या राज्यांमुळे की संस्थानी कारभार आणि इंग्रजी जंगलखातं यांच्या वेगळ्या वागण्यामुळे, हे विचारलं जाणारच. त्यासाठी जमिनीचा आणि जंगलाचा जुना कारभार वाचून एक प्रकरण लिहावं लागेल. दुसरं भोक पक्षांचं. मध्य प्रदेशात मुख्य लढत काँग्रेस आणि भाजप यांच्यात, आपल्याकडे २०२२ला शिवसेना आणि २०२३ला राष्ट्रवादी फुटल्यापासून मतदारासमोर सहा मोठे पक्ष. निवड करायला जास्त पर्याय असले की माणूस वेगळं वागतोच. हे भोक बुजत नाही. म्हणून केवळ ‘कुणाला मत दिलं’ यावर विसंबू नकोस. ग्रामसभेला जाता का, वनहक्काचा दावा अडकला तेव्हा कुणाकडे गेलात, उमेदवार कुठल्या समाजाचा हे तुम्हाला माहीत होतं का, असंही विचार. ग्रामसभेची तर आयती तुलना मिळते: आदिवासी भागांतल्या ग्रामसभांना अधिकार देणारा पेसा कायदा १९९६चा, त्याचे नियम महाराष्ट्राने २०१४ला केले आणि मध्य प्रदेशाने नोव्हेंबर २०२२मध्ये. शिवाय राजकीय वर्तन मतपेटीपाशी संपत नाही, हे शहाद्याच्या मुलीला मी सांगायची गरज नसावी. आदिवासींच्या जमिनींसाठी लढलेले अंबरसिंग महाराज आणि श्रमिक संघटना यांचं १९७०च्या दशकातलं काम तुझ्या घरच्या वडीलधाऱ्यांनी पाहिलेलं असेल.

मतदारसंघाच्या निकालावरून समाजाचं मत काढायचं नाही, हेही पक्कं लक्षात ठेव. नंदुरबार काँग्रेसकडे गेलं म्हणजे पावरा काँग्रेसकडे गेले, असं होत नाही. नंदुरबारच्या लोकसभा क्षेत्रात साक्री आणि शिरपूरही येतात, गुजर आहेत, मराठा आहेत, शहरं आहेत. याच मतदारसंघाने १९८१च्या पोटनिवडणुकीपासून २००९पर्यंत माणिकराव गावितांना सलग नऊ वेळा निवडून दिलं, मग दोनदा हीना गावितांना, मग पुन्हा काँग्रेसला. या प्रत्येक वळणात कोण हललं, हे फक्त मतदान केंद्राच्या पातळीवर कळतं. त्यासाठी फॉर्म २० आहे, केंद्रनिहाय मतांचा तक्ता. तो निवडणूक अधिकाऱ्यांकडून प्रसिद्ध होतो. डोंगरातली बरीच केंद्रं अशी आहेत जिथे जवळपास सगळे मतदार एकाच समाजाचे. दोन्ही बाजूंची अशी केंद्रं निवड, त्यातूनच गावं निवड.

आता तुझे ऐंशी फॉर्म. म्हातारी माणसंच का भेटली? कारण तू जानेवारीत गेलीस. दिवाळीनंतर धडगाव-मोलगीकडची धडधाकट माणसं ऊसतोडीला आणि मजुरीला गुजरातेत गेलेली असतात, बिऱ्हाडासकट. गावात आजी-आजोबा आणि लहान पोरं. तू मतदारांचा अभ्यास केला नाहीस, गावात मागे राहिलेल्यांचा केलास. हे फॉर्म फेकू नकोस, पण मुख्य आकडेवारीत मिसळू नकोस. प्रश्नावलीची चाचणी म्हणून ते उत्तम आहेत आणि थिसिसमध्ये तसं सरळ लिही. पुढची फेरी होळीच्या सुमारास, किंवा पेरणीनंतर निंदणीच्या दिवसांत, जेव्हा घरात सगळे असतात. मतदार यादीतून ठरावीक अंतराने नावं काढ, आणि ज्याचं नाव निघालं तोच माणूस भेटला पाहिजे. तो नाही म्हणून शेजारचा चालवलास की सगळा नमुना वाकडा होतो.

खाली मैदानातल्या गावांत वेगळी अडचण येते. आखाजीला, म्हणजे अक्षय्यतृतीयेला, लेकी माहेरी येतात. घरात तरुण बाया भरपूर भेटतात, पण त्यांची नावं त्या गावच्या यादीत नसतात. २०२४ला अक्षय्यतृतीया १० मेला होती आणि नंदुरबार, जळगाव, रावेरचं मतदान १३ मेला. माहेरी आलेल्या किती लेकी तीन दिवसांत सासरी मतदानाला परतल्या, हा प्रश्न मला त्या उन्हाळ्यापासून पडलेला आहे. बायकांच्या मतदानावर लिहिणाऱ्या कुणीतरी तो हाती घ्यावा. दिल्लीत बसून हा प्रश्न सुचणार नाही.

सगळे ‘हो’ म्हणतात, याचा अर्थ लोक खोटं बोलतात असा नाही. शिकलेली मुलगी कागद घेऊन आली, ती सरकारची असेल, घरकुलाची असेल, तिला नाही कशाला म्हणा? असा होकार जगभरच्या सर्वेक्षणांत येतो आणि त्यावर उपायही आहेत. ‘विश्वास आहे का’ असं विचारणं सोड. ‘मागच्या वेळी रेशनकार्डाचं काम अडलं तेव्हा आधी कुणाकडे गेलात? मग कुणाकडे? काम झालं का?’ असं विचार. घडलेलं विचारलं की माणूस आठवून सांगतो, मत विचारलं की तुझा चेहरा बघून सांगतो. काही प्रश्न उलटे टाक, म्हणजे ज्याचं खरं मत होकाराचं आहे त्याला एकदा ‘नाही’ म्हणावं लागेल. दोन्हीकडे ‘हो’ आलं तर त्या माणसाची बाकीची उत्तरंही जपून वाच. कुणाला मत दिलं हे तोंडी विचारूच नकोस. दिल्लीच्या सीएसडीएस या संशोधन संस्थेच्या ‘लोकनीती’ सर्वेक्षणांत नमुना मतपत्रिका हातात देतात, माणूस चिन्हावर खूण करतो, घडी घालतो आणि पेटीत टाकतो, विचारणाऱ्याला दिसत नाही. पुठ्ठ्याची पेटी घरी होते. मग त्या मतांची बेरीज त्याच केंद्राच्या फॉर्म २०शी ताडून बघ. निवडणुकीनंतर जिंकलेल्याला मत दिल्याचं सांगणारे नेहमी जास्त निघतात, आणि मतदान केलं म्हणणारेही खऱ्यापेक्षा जास्त. किती जास्त, ते दोन्ही बाजूंना मोज. तो आकडासुद्धा तुझ्या अभ्यासाचा निष्कर्षच आहे.

किती माणसं पुरतील? चार गावं, दोन अलीकडे दोन पलीकडे, प्रत्येकी पन्नास. म्हणजे दोन्ही बाजूंना शंभर-शंभर. पण त्याची मर्यादा समजून घे. शंभर-शंभरच्या दोन गटांत साधारण चौदा टक्क्यांच्या आतला फरक निव्वळ योगायोगानेही दिसू शकतो, आणि माणसं दोनदोन गावांतलीच असल्यामुळे ती मर्यादा आणखी वर जाते. तेव्हा पाच-सात टक्क्यांवर मोठी वाक्यं लिहायची नाहीत. मोठा फरक शोध, आणि तो का आहे हे समजायला प्रत्येक गावात काही लांब मुलाखती घे. त्या पावरीत होतील. इथे तुझा हात धरणारा कुणी नाही. दुभाष्या घेऊन येणाऱ्या संशोधकाला जे कधीच ऐकू येणार नाही, ते तुला ओट्यावर बसून ऐकू येईल. फक्त स्वतःच्या नात्यातली गावं टाळ. ओळखीच्या मुलीला लोक प्रेमाने बोलतात, पण भावकीतल्या भांडणाचं सांगत नाहीत, आणि आपल्याकडे पंचायतीचं मतदान पुष्कळदा तिथेच ठरतं.

एक गोष्ट काळजीने सांगतो. निवडणूक जवळ आली की कुणीतरी येईल. कार्यकर्ता असेल, नातेवाईक असेल, कॉलेजच्या संस्थेतला कुणी असेल. म्हणेल, तुझं सर्वेक्षण झालंय ना, कुठल्या गावात काय हवा आहे तेवढं सांग. कधी पैसे देऊ करेल, कधी नोकरीचा शब्द देईल. तासिका तत्त्वावरच्या माणसाला हा शब्द फार मोठा वाटतो, मला कल्पना आहे. देऊ नकोस. लोकांनी घडी घालून पेटीत टाकलेलं मत त्यांनी तुझ्या भरवशावर टाकलं आहे. पन्नास घरांच्या गावात कोण फुटलं हे ओळखायला वेळ लागत नाही, आणि त्याचा हिशेब पुढे विहिरीच्या, घरकुलाच्या यादीत होतो. म्हणून नावं एका वहीत, उत्तरं दुसरीकडे, मध्ये फक्त क्रमांक. काम झालं की नावांची वही नष्ट कर. थिसिसमध्येही गावांची खरी नावं नकोत.

पुणे-दिल्लीचं म्हणशील, तर तिथे ग्रंथालयं आणि सोबत चांगली मिळते हे खरं. पण आकडेवारी आता तिथे बसलेल्यांपुरती राहिलेली नाही. अशोका विद्यापीठातल्या त्रिवेदी सेंटरच्या ‘लोकढाबा’वर लोकसभा आणि विधानसभेचे १९६२पासूनचे निकाल फुकट मिळतात. सीएसडीएसच्या लोकनीतीची राष्ट्रीय निवडणूक सर्वेक्षणं अभ्यासकांना मागणी करून मिळतात. जागतिक मूल्य सर्वेक्षण आणि आफ्रिकेतलं अफ्रोबॅरोमीटर ही देशोदेशीची मतसर्वेक्षणं तर घरी बसून उतरवून घेता येतात. त्यांच्या प्रश्नावल्या आधी वाच, तुझे प्रश्न निम्मे तिथेच गळतील. सांख्यिकीसाठी ‘आर’ हे सॉफ्टवेअर शिक, ते फुकट आहे. एका हिवाळ्यात रोज थोडं केलंस तर तुला लागतं तेवढं येईल. सुहास पळशीकर, राजेश्वरी देशपांडे, नितीन बिरमल यांनी महाराष्ट्राच्या निवडणुकांवर केलेलं काम वाच आणि त्यांच्याशी वाद घाल. वाद घालायला तुझ्याकडे सातपुडा आहे, त्या वाचनात तो कुठे येतो आणि कुठे येत नाही हे बघ.

गाइडशी भांडू नकोस. ‘आवर’ म्हणण्यामागे काळजी असते, सहा वर्षांची मुदत त्यांनाही दिसते. नवा प्रश्न, चार गावं आणि कामाचे महिने एका पानावर लिहून घेऊन जा. आधीपेक्षा काम कमी झालेलं बघून बहुतेक तेच सुटकेचा श्वास टाकतील. शीर्षकातलं गुजरात कसं काढायचं, हे विद्यापीठाच्या पीएच.डी. विभागात त्यांनाच विचारायला लाव. लेख छापण्याची घाई करू नकोस. २०२२च्या यूजीसी नियमांनी थिसिसआधी लेख छापलाच पाहिजे ही सक्ती काढली, आणि फेब्रुवारी २०२५मध्ये मान्य नियतकालिकांची यूजीसी-केअर यादीही बंद झाली. पैसे घेऊन आठ दिवसांत छापणाऱ्यांच्या हाती तुझे आकडे जाऊ देऊ नकोस. पहिला लेख मराठीतच लिही, समाज प्रबोधन पत्रिकेला पाठव. पैशांसाठी आदिवासी कार्य मंत्रालयाच्या राष्ट्रीय फेलोशिपचा अर्ज केलास का, हे पत्रात नाही. दरवर्षी ७५० जागा असतात. केला नसेल तर या वर्षीच्या जाहिरातीवर लक्ष ठेव.

भावाला एमपीएससीबद्दल राग न धरता सांग की हे पूर्ण होईपर्यंत थांब. तो तुझ्या भल्याचंच बोलतोय.

आणि तुम्ही तिघं भेटत नाही, हे मला पत्रातलं सगळ्यात खटकलं. महिन्यातून एक रविवार, धुळ्यात भेटा, तिघांनाही एसटीने बरं पडतं. प्रत्येकाने दोन पानं लिहून आणायची, बाकीच्या दोघांनी ती फाडून काढायची. तुझी पहिली दोन पानं १३ मे २०२४पासून सुरू कर: एक दिवस, दोन मतदारसंघ, एक समाज, आणि तुला काय शोधायचंय. साक्रीच्या मैत्रिणीला ती वाचून तुझा प्रश्न स्वतःच्या शब्दांत सांगता आला, तर मग मला पाठव.